जबानीत नसलेला वाघ

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि आपल्यापासून माझी एकही गोष्ट लपलेली नाही असं ती अजूनही चारचौघांत अभिमानाने सांगते. मुलांना नाही. देवापुढे उभा राहिलो तरी तेवढं एक बाजूला ठेवूनच हात जोडत आलो. मग तुम्हाला का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून — दुसरं काही नाही. ओळखीच्या माणसाला सांगितलं की उद्या पुन्हा त्याच्यासमोर चहा प्यायला बसावं लागतं.

आधीच एक सांगून ठेवतो. मी संशयी माणूस आहे. दूधवाला वळला की भांडं हलवून बघतो. पोस्टमन हसला तर पाकीट उलटंसुलटं करून आधी कोणी उघडलंय का ते तपासतो. आणि तुम्हीही वाचताना मनात म्हणत असाल, की हा म्हातारा आता स्वतःची बाजू सजवून मांडणार — म्हणत असाल ना? म्हणा. तुमचा संशय खरा आहे. थोडं पुढे गेल्यावर मी तसं करणारच आहे, आणि मग माझं मलाच ते उसवावं लागणार आहे.

पन्नास साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. मी तेवीस वर्षांचा. पुण्यातल्या पेठेत वाढलेला. जंगल म्हणजे पर्वतीच्या उतारावरची झाडं, एवढीच समजूत. हिवतापाच्या फवारणीचं काम तेव्हा गावोगाव सुरू झालं होतं, त्यात मला कारकुनाची नोकरी लागली — अंबरनाथला. स्टेशनजवळ दोन खोल्यांचं ऑफिस, आणि माझी राहायची खोली शिवमंदिराच्या वाटेवर. काम मात्र बदलापूरच्या पलीकडे, बारवी नदीच्या अंगाने डोंगरात विखुरलेल्या वाड्यांमध्ये. जीपमध्ये पांढऱ्या पावडरीचे डबे असायचे. पंप घेतलेले चार फवारणीवाले बहुतेक वेळा पायीच पुढे जायचे. झोपडीतली भांडी, कणग्या, कोंबड्या बाहेर काढायच्या, कुडाच्या भिंतींवर आतून औषध मारायचं आणि दाराच्या चौकटीवर गेरूने तारीख लिहायची. तारीख लिहिणं माझं काम. ढेकूण मरतात म्हणून बायका खूश असायच्या. बाप्ये आमच्याकडे जरा लांबूनच बघायचे.

जीप लष्कराच्या छावणीतून लिलावात आलेली, जुनी. ती चालवायचा लीलाराम — सिंधमधून आलेला निर्वासित, चाळिशीचा, उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात राहणारा. एका बराकीत मधे गोणपाटाचे पडदे टांगून चार कुटुंबं, त्यातलं एक त्याचं. बायको पापड लाटायची. आणि वाट दाखवायला गोमा. बारवीकाठच्या वाडीतला ठाकर, पन्नाशीचा, काटक, बोलायचा अगदी कमी. फेरी तीन दिवसांची, आणि तेवढे दिवस तोही आमच्याबरोबरच मुक्कामाला असायचा. तो मागे डब्यांवर उकिडवा बसायचा आणि वळण आलं की पुढे वाकून लीलारामच्या खांद्यावर नुसतं बोट टेकवायचा. तेवढ्यावर गाडी वळायची.

पहिल्या दिवसापासून मला दोघांचाही संशय आला. कारण काय? कारण काहीच नव्हतं. निर्वासितांबद्दल ऑफिसात जे बोललं जायचं ते मी ऐकायचो आणि खरं मानायचो. ठाकरांबद्दल बोललं जायचं, तेही मानायचो. आणि सगळ्यांत जास्त खटकायचं ते म्हणजे या दोघांचं जमायचं. एकाला धड मराठी येत नाही, दुसऱ्याला हिंदीचा गंध नाही — मग हे दिवसभर कुजबुजतात तरी काय? मी समोर बघत असल्याचा बहाणा करायचो आणि कान मागे लावून बसायचो.

त्यातून गाडी मध्येच थांबायची. वाडी जवळ नाही, पाणी नाही, माणूस नाही — आणि गाडी थांबायची. गोमाचं बोट खांद्यावर पडलेलं असायचं. मग लीलाराम माझ्याकडे वळून हळूच म्हणायचा, "बाबू, देखो." मी आधी झाडीत माणसं शोधायचो. माणसं कधीच नसायची. पहिल्या दिवशी रस्त्यावर हातभर लांब घोरपड होती, उन्हात पसरलेली, आम्हाला वाट द्यायला तयार नाही. ओढ्यापलीकडे एका मेलेल्या रेड्याभोवती गिधाडं — मोजायला गेलो तर चाळिसाच्या पुढे मोजणं चुकलं. उंबराच्या झाडावर मोठाल्या चोचीचे दोन धनेश, उडाले तर पंखांचा आवाज एखाद्याने सतरंजी झटकावी तसा. आणि एका वळणावर समोरचा अख्खा डोंगर जांभळा! कारवी फुलली होती. गोमा म्हणाला, सात वर्षांनी एकदाच फुलते. मी म्हटलं, ही काहीतरी थाप असणार. नंतर कळलं की ते खरं होतं.

हे सगळं मी एका वहीत लिहायचो. धाकट्या बहिणीने बजावलं होतं — दादा, जंगलात जे जे दिसेल ते लिहून आण, मला घरबसल्या वाचायचंय. दसरा नुकताच झाला होता, दिवाळीला घरी जायचं होतं. वहीची पानं भरत होती. बघा, मला आनंदही होत होता. संशय आणि आनंद एकाच माणसाला एकाच गाडीत बसून होऊ शकतात — मला झाले होते.

दुसऱ्या दिवशी बारवीच्या डोहापाशी पाणमांजरं दिसली. पाच होती. एकमेकांच्या पाठीवर चढत, शिट्या मारत, मासा पळवत. आम्ही तिघेही गाडीतून उतरून करवंदीच्या जाळीआड बसलो. लीलाराम बघता बघता रडायला लागला. चांगला मिशाळ माणूस, आणि नाक ओढतोय. त्यांच्याकडे दर्याकाठचे मल्लाह, म्हणजे कोळी, मासे धरायला अशी पाणमांजरं पाळायचे म्हणे — दर्या म्हणजे त्याची सिंधू नदी. एवढं ओलं, एवढं हिरवं इथेही आहे, आणि हे जनावरही इथे आहे, हे त्याला खरंच वाटेना.  गोमा त्याच्या शेजारी सरकून बसला. मी काय केलं? मी मनात म्हटलं, हे नाटक कशासाठी चाललंय.

आता त्या दगडांच्या ढिगाचं सांगतो, कारण सगळं तिथेच घडलं.

डोंगर चढून उतरताना एका खिंडीत, रस्त्याच्या कडेला, दगडांचा कमरेएवढा ढीग होता. त्यावर वाळलेल्या डहाळ्या, अर्धवट वाळलेल्या डहाळ्या आणि वर काही ताज्या. तिथे आलं की गोमा गाडी थांबवायचा. उतरायचा, जवळच्या झाडाची पानांची डहाळी तोडायचा, त्या ढिगावर ठेवायचा, क्षणभर उभा राहायचा आणि परत येऊन बसायचा. जाताना एकदा, येताना एकदा. दुसऱ्या दिवसापासून लीलारामही उतरायला लागला. तोही डहाळी ठेवायचा. गाडीचा सेल्फ बिघडलेला, हँडल मारून सुरू करावी लागायची, म्हणून तो इंजिन चालूच ठेवून उतरायचा.

आता तुम्हीच सांगा — आडरानात, ठरलेल्या जागी, ताजी डहाळी. मागून येणाऱ्यांसाठी खूण नाही तर काय? गाडी गेली, गाडी आली, आत किती माणसं आहेत — दोन डहाळ्या म्हणजे दोन माणसं. रस्त्यावर मालाच्या गाड्या अडवतात असं अधूनमधून कानावर यायचंच. आमच्याकडे तर पावडरीचे डबे. मी एकदा त्या दोघांना एकमेकांना पुडकी देतानाही पाहिलं. लीलारामने फडक्यात बांधलेलं काहीतरी पांढरं दिलं, गोमाने पानांत बांधलेलं काहीतरी दिलं. पांढरं! माझ्या डोक्यात पावडरीशिवाय दुसरं काय येणार?

असा माझा संशय होता. हे असं लिहिलं की वाचायला बरं वाटतं. भित्रा, शहरातला पोरगा, त्याचा गैरसमज झाला — होतं असं. होतं ना?

थांबा. तो दिवस सांगून होऊ दे, मग उसवतो.

तिसरा दिवस, फेरीचा शेवटचा. फवारणीवाले वाडीतच मुक्कामाला राहिले. परतताना गाडीत आम्ही तिघे, आणि मागे उरलेले डबे. ऊन कललं होतं. साडेतीन, फार तर चार. खिंड आली, बोट खांद्यावर पडलं, गाडी थांबली. दोघे उतरले. मी बसून राहिलो. इंजिन घुरघुरत होतं.

दोघे ढिगापाशी वाकले होते आणि त्यांच्या वर, दहा-बारा हातांवर, काळ्या खडकावर ते बसलं होतं. आधी मला ते वाळलेलं गवत वाटलं. मग गवताने डोकं वळवलं. बिबट्या होता, गोमाचे लोक त्यालाही वाघच म्हणतात, आणि रानात असताना तेही म्हणत नाहीत. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. गोमाने वर पाहिलं. हात हळूच लीलारामच्या दंडावर ठेवला — हलू नकोस. आणि दोघे तसेच उभे राहिले, डहाळ्या हातात धरून, मान खाली घालून. पळाले नाहीत. गाडी पाच पावलांवर होती. वाघाने उडी टाकलीच असती तर त्यांना आसरा म्हणून तेवढी एक गाडीच होती.

माझी पाचावर धारण बसली. आणि मला गाडी चालवता येत होती. कशी येत होती? लीलारामने शिकवली होती. आधीचे दोन दिवस, बदलापूरच्या अलीकडच्या माळावर, काम उरकून येताना. माझी हौस म्हणून. "हौले हौले, बाबू, क्लच हौले." क्लच सुटून गाडी उडी मारायची, तसे तिघेही हसायचो.

मी सरकून त्याच्या जागेवर बसलो. क्लच हळू सोडला — त्याने शिकवला तसाच, पहिल्यांदाच न चुकता — आणि गाडी घेऊन निघून गेलो. मागे पाहिलं नाही. गाडीच्या आवाजाने जनावर बिथरलं असतं तर? तेव्हा हे मनातही आलं नाही. नंतर मात्र आलं नाही असा आठवडा गेलेला नाही.

उताराला गाडी खड्ड्यांवरून आपटत होती. मागची फळी लीलारामनेच लावायची असायची, ती उघडी होती. धडाधड काहीतरी पडलं, मी थांबलो नाही. बदलापूरला पोहोचलो तर आमचे साहेब त्या दिवशी नेमके तिथे आलेले, शाळेच्या खोलीत टेबल टाकून बसलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि विचारलं — ड्रायव्हर कुठाय? आणि दोन डबे कमी कसे?

या दोन प्रश्नांचं खरं उत्तर एकच होतं. मी घाबरून दोन माणसांना वाघासमोर सोडून पळालो. एवढंच म्हणायचं होतं. साहेब ओरडले असते, लगेच माणसं घेऊन उलटे गेले असते. माझी नोकरी कदाचित राहिलीही असती. पण तेवीस वर्षांच्या माणसाला भित्रा म्हणवून घेणं किती जड जातं, हे मी... नाही, हे राहू दे.

मी म्हणालो, साहेब, त्यांनी ठरलेल्या जागी गाडी थांबवली. रोज थांबवायचे, खुणा करायचे. आज झाडीतून माणसं येताना दिसली. दोन डबे त्यांनी उतरवले. मी जिवावर उदार होऊन गाडी आणि बाकीचा माल वाचवून आणला.

"जिवावर उदार होऊन." हे शब्द मी वापरले. साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. चौकीवर माणूस पाठवला.

ते दोघे दिवेलागणीला आले. चालत. दोघांच्याही खांद्यावर एकेक डबा होता.

तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या हातून पडलेले डबे त्यांना वाटेत सापडले. सरकारी माल रस्त्यावर कसा टाकायचा, म्हणून सहा-सात मैल खांद्यावर वाहून आणले होते. इकडे शिपाई डब्यांच्याच वाटेकडे डोळे लावून उभे होते. लीलारामने लांबूनच मला पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला. "बाबू! अरे बाबू, तुम सलामत हो!" त्यांना दोघांना वाटेभर काळजी होती की मला गाडी नीट आवरली असेल की नाही, कुठे दरीत तर गेली नसेल. शिपायाने त्याचा दंड धरला तरी तो माझ्याकडेच बघून हसत होता.

मी तेव्हाही बोलू शकलो असतो. तोंड एवढंसं उघडायचं होतं.

लीलाराम वाघाचं सांगत राहिला. हिंदीत, सिंधीत, हातवारे करून — तो किती वेळ बसला, मग जांभई देऊन खडकाच्या पलीकडे कसा निघून गेला. गोमा नावही घेईना, नुसता, "तो व्हता. वाटंवर बसला व्हता," एवढंच. साहेब माणूस वाईट नव्हता. मला एकट्याला आत नेऊन त्याने सरळ विचारलं, "वाघ होता का हो?"

मी म्हणालो, मी तर नाही पाहिला.

जबानी लिहून घेतली, मी खाली सही केली. तीन दिवस घोरपडीपासून पाणमांजरापर्यंत जे दिसेल ते टिपून ठेवणारा मी. त्या सगळ्या प्रवासात सर्वांत मोठं जे दिसलं, ते माझ्या जबानीत नव्हतं. वहीतही नाही. त्या दिवशीचं पान मी सकाळपासून लिहीत आणलं होतं, ते फाडून टाकलं. दिवाळीत बहिणीने विचारलं, दादा, शेवटचा दिवस कुठाय? शाई सांडली, म्हणालो. फाडलेल्या पानाचा कडेला राहिलेला कोरा तुकडा तिने बोटाने चाचपून पाहिला आणि वही मिटली. तिलाही माझा संशय आला होता का? असावा. आमच्या घरातलीच ती.

आता उसवतो.

डहाळ्या म्हणजे चोरांची खूण, असं मला वाटत होतं असं मी वर लिहिलं. ते दुसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंतचं झालं. त्याच दिवशी परतताना मी गोमाला तोंडावर विचारलं होतं, आणि त्याने सांगितलंही होतं. "वाटंचा देव हाय, बाबू. येणाऱ्याजाणाऱ्यानं पाला टाकायचा. तो म्होरं जाऊ देतो." तिथून जाणारा प्रत्येक ठाकर, प्रत्येक कातकरी, मोळी घेऊन जाणारी बाई, गुरं घेऊन जाणारा गुराखी — सगळे टाकतात, त्याच्या आज्यापणज्यापासून टाकत आले. ढीग म्हणूनच एवढा मोठा झाला होता. आणि लीलारामला मी विचारलं, तू कशाला टाकतोस, तू तर हिंदूसुद्धा वेगळाच. तो म्हणाला, "नया मुलूक है ना, बाबू. इधर का जो मालिक है, उसको सलाम करना पड़ता है." त्यांच्याकडे दर्यात साखरतांदूळ सोडायचे, इथे पाला टाकायचा — त्याला त्यात काही अवघड वाटलं नव्हतं.

आणि ते पुडकं. पांढरं. ते त्याच्या बायकोने लाटलेले पापड होते. गोमाने उलट दिला तो पानांत बांधलेला मध. मला हे कसं माहीत? त्या शेवटच्या दिवशी दुपारी वाडीत गोमाने तो पापड निखाऱ्यावर भाजला आणि पहिला मला दिला. मिरे घातलेला. त्यावर मधाचं बोटही फिरवून दिलं, आणि ते इतकं विचित्र लागलं की आम्ही तिघेही हसलो. साहेबांना मी पांढऱ्या पुडक्याचं सांगितलं — हो, तेही सांगितलं होतं — तेव्हा तो पापड माझ्या पोटात होता.

म्हणजे गैरसमज नव्हता. मला सगळं ठाऊक होतं. संशय कधीच फिटला होता. मी तो गरजेला परत काढला.

पुढचं थोडक्यात. लीलारामची नोकरी गेली. गोमाला चौकीत आठ दिवस ठेवलं. सोडलं तेव्हा त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना, असं मला फवारणीवाल्यांपैकी एकाने सांगितलं. मला पगारवाढ मिळाली आणि साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. पुढच्या फेरीला गाडी गोमाच्या वाडीवर गेली, तेव्हा वाडी रिकामी होती. आमच्या गाडीचा आवाज ऐकून माणसं पोराबाळांसकट रानात निघून गेली होती. दारं बांधलेली. औषध न मारताच गाडी परत आली आणि मी ऑफिसात बसून त्या वाडीसमोर "घरे बंद" असं लिहिलं. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात त्या वाडीत तापाची साथ आली. माणसं गेली. किती, आणि त्यांत गोमाच्या घरचं कोण होतं — मी विचारलं नाही. विचारता आलं असतं. ऑफिसात रोज त्या बाजूची माणसं यायची.

लीलाराम मला एकदाच भेटला, दोन वर्षांनी, कॅम्प तीनच्या बाजारात. डोक्यावर पापडांची टोपली. मी वळून गल्लीत शिरणार होतो, पण त्याने हाक मारली. तो थकला होता, मिशा पिकल्या होत्या. गाडी घेऊन पळालो त्याबद्दल तो स्वतःच म्हणाला, "डर गए थे तुम. बच्चे थे. होता है, बाबू." मनात काही नव्हतं त्याच्या. मी इतका संशयी माणूस, त्याच्या डोळ्यांत खोल शोधलं — खरंच काही नव्हतं. त्याला वाटत होतं की निर्वासित आणि ठाकर म्हणून साहेब लोकांनीच त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. जबानीत काय आहे ते त्याला कोणी वाचून दाखवलंच नव्हतं. मग त्याने विचारलं, "तुमने तो हमारे लिए बोला होगा ना, साहब को?"

मी म्हणालो, हो. बोललो होतो. खूप बोललो.

त्याने टोपली उतरवली आणि चार पापड कागदात बांधून माझ्या हातात दिले. मी ते घेतले.

ती खिंड आता शोधूनही सापडायची नाही. डोह धरणाच्या पाण्याखाली गेला, रस्ता दुसरीकडून काढला. एकदा मुलांना घेऊन त्या बाजूला सहलीला गेलो होतो. पाण्याकडे बोट दाखवून म्हणालो, इथे पाणमांजरं होती. मुलांना मजा वाटली. तुम्ही वाघ पाहिलात का कधी, बाबा? मुलीने विचारलं. नाही, म्हणालो. इतक्या वर्षांत उत्तर बदललं नाही.

अजून एक उरलंय. ते सांगायचं टाळतोय, हे तुम्ही ओळखलं असेलच.

त्या शेवटच्या दिवशी गोमाने डहाळ्या दोन नाही, तीन तोडल्या होत्या. एक लीलारामला दिली. एक स्वतःला ठेवली. तिसरी गाडीपाशी आणून माझ्यापुढे धरली. "बाबू, आज तुमीबी टाका. परत कवा याल, कोण जाणं. तुमालाबी तेनं सांभाळलं पाहिजे ना." मी उतरलो नाही, चिखल आहे, म्हणालो. तो रागावला नाही. ती डहाळी त्याने माझ्या मांडीवर ठेवली, म्हणाला, ऱ्हाऊ द्या, मी नंतर तुमच्या नावानं टाकतो — आणि ढिगाकडे वळला.

गाडी पळवली तेव्हा ती मांडीवर होती. बदलापूरला उतरलो तेव्हा माझ्या मुठीत होती, कधी धरली ते कळलंही नाही. ऐनाची डहाळी, चार-पाच पानांची, अजून टवटवीत. साहेबांनी विचारलं, खूण करायचे म्हणता, ती कसली? तेव्हा मी मूठ उघडून ती त्यांच्या टेबलावर ठेवली.